कॅमेऱ्याची रोजकीर्द

गुलमंडी, पैठण गेट, शहागंज किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतले एखादे लहानसे वर्कशॉप, छत्रपती संभाजीनगरात आज कोठेही गेले तरी छताच्या कोपऱ्यातून एक काळा डोळा आपल्याकडे पाहत असतो. २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेत या शहराची निवड झाली आणि पुढे चौकाचौकांतही असे डोळे आले. कॅमेरा विकत घेताना दुकानदार पुष्कळ चौकशी करतो. किती मेगापिक्सेलचा? रात्री दिसते का? पावसात टिकेल का? पण कॅमेऱ्याने पाहिलेले जेथे साठते त्या पेटीबद्दल, म्हणजे ज्याला बाजारात डीव्हीआर म्हणतात त्या यंत्राबद्दल, तो सहसा काहीच विचारत नाही. 'मिस्त्री देईल ते' घेऊन ती पेटी गल्ल्याखाली किंवा माळ्यावर ठेवून दिली जाते.

आमचे म्हणणे असे, की खरी निवड त्या पेटीचीच असते. डोळा क्षणभर पाहतो. पाहिलेले किती दिवस राहते, किती स्पष्ट राहते आणि ते खरे आहे असे शपथेवर कोण सांगू शकते, हे तीन प्रश्न नोंदयंत्राचे आहेत. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या तीन प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली हे पाहिले, तर आजची निवड करणे सोपे जाते.

वही आणि तिचा नियम

व्यापारी आणि नोंद यांचे नाते जुने आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद तयार होई. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली त्या काळाशी परंपरा या व्यवसायाची सुरुवात जोडते. कागदावर वही आली, वहीत रोजकीर्द आली, रोजकीर्दीवरून खतावणी झाली.

ही वही न्यायालयात चालते का? १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ ने या प्रश्नाचे मार्मिक उत्तर दिले होते. व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद विचारात घेता येते. पण तेवढ्या एका नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, जोडीला दुसरा आधार लागतो. यात 'नियमितपणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. भांडण झाल्यावर लिहून काढलेल्या पानाला किंमत नाही. रोज, त्याच पद्धतीने, भांडणाची कल्पनाही नसताना लिहिलेल्या पानाला किंमत आहे. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे यंत्रांच्या बाबतीतही तो भेटणार आहे.

पाहणारा, पण न लिहिणारा डोळा

बंद मंडलातील दूरचित्रवाणी, म्हणजेच सीसीटीव्ही, जन्माला आली तेव्हा तिला स्मरणशक्ती नव्हती. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने कॅमेरे बसवले. ते फक्त दाखवीत. पडद्यासमोर माणूस बसलेला असेल तोवर त्यांचा उपयोग. माणूस चहाला उठला की यंत्रणा असून नसल्यासारखी.

आवाजाची नोंद मात्र तोवर साधली होती. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय ध्वनिमुद्रण करून दाखवले. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने कागदी पट्टीवर लोहसंयुगाची भुकटी चिकटवून फीत बनवली आणि १९३५ मध्ये एईजी कंपनीचे मॅग्नेटोफोन हे यंत्र बर्लिनच्या प्रदर्शनात आले. तत्त्व सोपे आहे. फितीवर सूक्ष्म चुंबकीय कण असतात. समोरून जाणारा विद्युतचुंबक, ज्याला आपण 'हेड' म्हणतो, येणाऱ्या संदेशाप्रमाणे त्या कणांची दिशा फिरवतो आणि फीत पुढे सरकली तरी ती दिशा तशीच राहते.

मग चित्राचे घोडे कोठे अडले? अडले वेगात. माणसाला ऐकू येणारा आवाज जास्तीत जास्त २० हजार कंपनांपर्यंत जातो, तर दूरचित्रवाणीच्या संदेशात सेकंदाला ५० लाख कंपने असतात, म्हणजे अडीचशे पट. फितीवर प्रत्येक कंपनाला थोडी तरी जागा लागणार. तेव्हा फीतही त्या प्रमाणात वेगाने पळवली पाहिजे. बीबीसीने १९५८ साली 'व्हेरा' नावाचे यंत्र असेच बनवले होते. त्यात फीत सेकंदाला सुमारे ५ मीटर या वेगाने पळे आणि भले मोठे चाक पंधरा मिनिटांत रिकामे होई. पंधरा मिनिटांना साडेचार किलोमीटर फीत! असल्या यंत्राने दुकानाची राखण कोण करणार?

फीत हळू, हेड वेगात

या कोड्याचे उत्तर व्हेराच्या आधीच, १९५६ मध्ये, अमेरिकेतील ॲम्पेक्स कंपनीच्या चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या गटाने शोधले होते. या गटात रे डॉल्बी हा तरुण विद्यार्थीही होता. पुढे ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याच्या पद्धतीमुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांची कल्पना अशी: वेग लागतो तो फीत आणि हेड यांच्यातील सापेक्ष वेग. तेव्हा फीत सावकाश जाऊ द्यावी आणि हेडच गरगर फिरवावे. त्यांच्या यंत्रातील हेडे मिनिटाला १४,४०० फेरे घेत आणि दोन इंच रुंदीच्या फितीवर आडव्या रेघा ओढत जात. पुढे ही रेघ तिरपी ओढण्याची पद्धत आली. जपानच्या तोशिबा कंपनीने १९५९ साली तिचे प्रात्यक्षिक दाखवले. रेघ तिरपी झाली की ती लांब होते आणि एका रेघेत पूर्ण अर्धचित्र मावते.

घरगुती व्हिडिओ कॅसेट याच तत्त्वावर चालत असे. सोनीची बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आली. विद्यार्थ्यांना एक छोटे गणित घालता येईल. व्हीएचएस यंत्रातील हेडांचा दंडगोल ६२ मिलिमीटर व्यासाचा असे आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ फेरे घेई. परीघ काढून २५ ने गुणावे. उत्तर येते सेकंदाला सुमारे ४.९ मीटर, म्हणजे जवळजवळ व्हेराइतकाच वेग. फीत मात्र सेकंदाला फक्त २३.४ मिलिमीटर सरके. त्यामुळे अडीचशे मीटर फितीत तीन तास बसत.

आपल्या देशात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि व्हिडिओचे वेड पसरले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला, व्हिडिओकॉनचे रंगीत संच तयार होऊ लागले, तेही याच तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण एकेकाळी या शहराच्या वेशीवर देशातला एक मोठा दूरचित्रवाणी उद्योग उभा होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

कॅसेटची काटकसर

तीन तासांची कॅसेट दुकानाला कशी पुरावी? दिवसाला आठ कॅसेटी बदलाव्या लागतील. यावर उपाय निघाला तो 'टाइम लॅप्स' रेकॉर्डरचा. पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे येतात. त्यांतील सगळी न नोंदता आठांतले एकच नोंदले, तर तीन तासांची कॅसेट २४ तास चालते आणि सेकंदाला सहा अर्धचित्रे मिळतात. काही यंत्रांत ही ओढाताण ९६० तासांपर्यंत, म्हणजे एका कॅसेटवर चाळीस दिवसांपर्यंत नेता येई. पण मग दोन नोंदींमध्ये ६.४ सेकंदांचे अंतर पडे. गल्ल्यात हात घालून बाहेर काढायला तीन सेकंद पुरतात. चोर एका चित्रात दाराशी, पुढच्या चित्रात रस्त्यावर, आणि मधला हात कोठेच नाही, असे होण्याची पुरती शक्यता.

दुसरी काटकसर स्पष्टतेची होती. आज युरोपीय मानकात चेहरा ओळखण्यासाठी एक सोपा निकष दिलेला आहे: अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल, तर चित्रात एक मीटर रुंदीला किमान २५० बिंदू हवेत. व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेत ढोबळमानाने ३२० बिंदूंएवढाच तपशील राही. भागाकार करावा, सव्वा मीटर. म्हणजे कॅमेरा नेमका दारावर रोखला असेल, तर आत येणाऱ्याचा चेहरा मिळे. पूर्ण दुकान एका चित्रात घेतले, की सगळे चेहरे पिठाचे गोळे. त्यातून तीच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरली की भुकटी झडे, हेड मळे आणि चित्रात पांढऱ्या रेघा येत.

तरीही कॅसेटचा एक गुण आपण विसरता कामा नये. ती हातात धरता येई. घटना घडली की मालक ती काढून पाकिटात घाली, सही-शिक्का होई आणि ती मूळ नोंद म्हणून पुढे जाई. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हा प्रश्न फारसा पडत नसे; कारण नक्कल केली की चित्र अधिक धूसर होई.

आकड्यांचा पूर आणि बंगळूरचा मुलगा

१९९० च्या दशकाच्या अखेरीस फीत मागे पडू लागली आणि चित्र आकड्यांत साठू लागले. वरवर पाहता हे अशक्यच वाटावे. पाल चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू, प्रत्येकाला २ बाइट, सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार होतो सेकंदाला सुमारे २.०७ कोटी बाइट. दिवसाचे १८ लाख मेगाबाइट, म्हणजे जवळजवळ १.८ टेराबाइट. तुलनेसाठी सांगायचे, तर आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. अशा एका चित्राचा एक सेकंदही त्यात बसला नसता.

दोन शोधांनी हा पूर आटोक्यात आणला. पहिला गणिताचा. १९४० साली बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवीत होते. १९७२ साली त्यांनी एका नव्या रूपांतराच्या अभ्यासासाठी अनुदान मागितले. ते नाकारले गेले. तरीही काम चालू राहिले आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या 'डिस्क्रीट कोसाइन' रूपांतराची कल्पना अशी: चित्राचा आठ बाय आठ बिंदूंचा तुकडा घ्यावा आणि तो ६४ आकड्यांऐवजी सावकाश व जलद बदलणाऱ्या लहरींच्या बेरजेत मांडावा. भिंत, फरशी, कपाट अशा साध्या भागांत सावकाश बदलणाऱ्या मोजक्या लहरीच मोठ्या निघतात, बाकीच्या जवळजवळ शून्य. शून्ये लिहून ठेवायची गरज नाही. १९८८ पासून चित्रफीत आकसण्याची जी मानके आली, एच.२६१, एमपेग, २००३ चे एच.२६४, २०१३ चे एच.२६५, त्या सर्वांच्या मुळाशी ही किंवा हिच्यासारखीच युक्ती आहे. जोडीला दुसरी युक्ती काळाची: दुकान रात्रभर स्तब्ध असेल, तर प्रत्येक चित्र नव्याने लिहिण्याऐवजी आधीच्या चित्रापासून झालेला फरकच लिहावा.

दुसरा शोध पदार्थविज्ञानाचा. आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये, स्वतंत्रपणे काम करून, असे पाहिले की काही अणूंएवढ्या जाडीचे चुंबकीय थर एकमेकांवर ठेवले, तर लहानशा चुंबकीय क्षेत्रानेही त्यांचा विद्युतरोध पुष्कळ बदलतो. यामुळे तबकडीवरील अतिसूक्ष्म चुंबकीय खुणा वाचता येऊ लागल्या. १९९७ पासून असे हेड असलेल्या डिस्क बाजारात आल्या, त्यांची क्षमता झपाट्याने वाढली आणि २००७ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

गणिताने पूर आटवला, पदार्थविज्ञानाने धरण मोठे केले. आज १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चांगले चित्र सेकंदाला सुमारे ४० लाख बिटांत बसते. आठ बिटांचा एक बाइट धरला, तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३.२ गिगाबाइट होतात. चार कॅमेरे, तीस दिवस: ५,१८४ गिगाबाइट, म्हणजे ५.२ टेराबाइट. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर करून घ्यावे. कारण अनेक दुकानांत चार कॅमेऱ्यांना एक टेराबाइटची डिस्क बसवलेली असते. या दराने ती सहा दिवसांतच भरते आणि सातव्या दिवशी यंत्र पहिला दिवस पुसून त्यावर लिहू लागते. महिनाभराने चोरी लक्षात आलेल्या व्यापाऱ्याला कॅमेरा असूनही काही सापडत नाही, याचे कारण बहुधा एवढेच असते. रोजकीर्दीची पाने आपोआप कोरी होत जावीत, तशी ही वही आहे.

जालन्याचा खटला

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे खरेपणाकडे वळू. आकड्यांच्या नोंदीची नक्कल हुबेहूब मुळासारखी असते आणि आकडे बदलले तर डोळ्याला कळत नाही. मग न्यायालयाने विश्वास कशावर ठेवावा? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घातले. त्याच्या अटी वाचल्या, तर जुन्या वहीचा नियमच पुन्हा भेटतो: संगणक त्या काळात नियमितपणे वापरात असावा, माहिती नेहमीच्या कामाच्या ओघात भरली गेलेली असावी, यंत्र नीट चालत असावे, आणि हे सर्व जबाबदार व्यक्तीने सही करून प्रमाणित करावे.

या कलमाचा देशभर लागू झालेला अर्थ ज्या खटल्यात ठरला, तो आपल्याच भागातला. जालना हा १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर यांना ४५,०७८ आणि कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते पडली. अंतर २९६ मतांचे. निवडणुकीला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आव्हान दिले गेले. अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता संपत होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या आत आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते, आणि अर्ज ३ वाजून ५३ मिनिटांनी सादर झाल्याचे त्यांत दिसते, असे अर्जदारांचे म्हणणे होते.

न्यायालयाच्या आदेशावरून चित्रणाच्या तबकड्या आल्या. पण त्या मूळ नव्हत्या, नकला होत्या, आणि वारंवार मागूनही कलम ६५-ब चे प्रमाणपत्र मिळत नव्हते. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांची साक्षही विचारात घेतली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट आणि रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. त्याचे सार असे: ज्या उपकरणात मूळ नोंद आहे, तेच त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्र नको. नक्कल द्यायची असेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य. ते देण्यास कोणी नकार देत असेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवावे. जालन्याच्या अर्जदारांनी शक्य ते सर्व केले होते आणि निष्कर्षाला इतर पुराव्याचाही आधार होता, म्हणून उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांचा आहे, एक नोंद देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात नोंदीचे 'हॅश मूल्य' लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व बिटांवर ठरावीक गणिती क्रिया करून काढलेली एक छोटी संख्या. एसएचए-२५६ या पद्धतीत ती २५६ बिटांची असते. शाळेतील संगणकावर हा प्रयोग सहज होतो. एक परिच्छेद साठवावा, हॅश काढावा. मग एकच काना बदलून पुन्हा काढावा. दोन संख्यांत काहीही साम्य उरत नाही. म्हणजे कॅसेटवरच्या लाखेच्या मोहरेचे काम आता ही संख्या करते.

घड्याळ नावाचा साक्षीदार

जालन्याचा वाद ५३ मिनिटांचा होता. यावरून एक गोष्ट लक्षात यावी: नोंदीत चित्राइतकेच महत्त्व वेळेला आहे. डीव्हीआरमधले घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. अशा साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक सहज असू शकते. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर ही चूक दिवसाला १.७ सेकंद आणि वर्षाला सुमारे साडेदहा मिनिटे होते. आतली बटणासारखी बॅटरी संपली आणि वीज गेली, तर तारीखच कित्येक वर्षे मागे जाते. तीन वर्षे कोणी हात न लावलेल्या यंत्राने 'चोरी दुपारी ४ वाजता' सांगितली आणि आरोपी ४ वाजता दुसरीकडे असल्याचे सिद्ध झाले, तर ती नोंद निरपराध्याला अडकवू शकते किंवा अपराध्याला सोडवू शकते. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय १९८५ च्या सुमारास डेव्हिड मिल्स यांनी तयार केली. ती आज बहुतेक यंत्रांत असते. फक्त चालू करावी लागते.

मग निवड कशाची?

आता बाजारातल्या पर्यायांकडे या इतिहासाच्या उजेडात पाहू. डीव्हीआर पद्धतीत कॅमेऱ्यातून जाड कोॲक्सियल तारेने संदेश येतो आणि आकुंचनाचे काम पेटीत होते. जुन्या तारा भिंतीत असतील, तर हाच मार्ग स्वस्त. एनव्हीआर पद्धतीत आकुंचन कॅमेऱ्यातच होते आणि संगणकाच्या जाळ्याच्या तारेने आकडे येतात. २००३ च्या मानकानंतर त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही देता येते. नव्या बांधकामाला हा मार्ग सोयीचा. तिसरा पर्याय दूरच्या संगणकावर, म्हणजे 'क्लाउड'वर, साठवण्याचा. चोर पेटीच उचलून नेईल ही भीती त्यात नाही. पण आपल्या उदाहरणातले चार कॅमेरे सतत पाठवायचे, तर सेकंदाला १ कोटी ६० लाख बिट अखंड वर जायला हवेत. लहान दुकानाने फक्त दारावरच्या किंवा गल्ल्यावरच्या एका कॅमेऱ्याची नक्कल बाहेर ठेवणे अधिक शहाणपणाचे.

पेटी कोणतीही असो, पुढील गोष्टी आधी ठरवाव्यात. पहिली, किती दिवस? आपल्या धंद्यात गडबड लक्षात यायला किती दिवस लागतात ते पाहावे. साठ्याची मोजणी महिन्याला होत असेल, तर तीस दिवसही अपुरे, पंचेचाळीस धरावेत. तुलनेसाठी, पोलीस ठाण्यांतील नोंद १८ महिने राहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितले. वरच्याच दराने एका कॅमेऱ्याला त्यासाठी सुमारे २४ टेराबाइट लागतील. दिवसांचा हट्ट महाग असतो, तो असा.

दुसरी, किती स्पष्ट? १९२० बिंदूंचे चित्र २५० च्या निकषाने ७.७ मीटर रुंदीपर्यंत चेहरा देते, पण दिवसा. रात्री कमी उजेडात कॅमेऱ्याच्या चित्रात कण नाचू लागतात. आकुंचनाच्या गणिताला ते कण म्हणजे हालचालच वाटते, आणि मोजके बिट त्या नाचण्यावरच खर्च होऊन चेहरा पुसट होतो. तेव्हा डिस्क वाचवण्यासाठी बिटांचा दर फार खाली आणण्यापेक्षा दाराशी एक दिवा लावणे बरे. बिट वाचतात आणि चेहराही वाचतो.

तिसरी, वीज आणि उष्णता. यंत्राला लहानसा यूपीएस हवा, कारण लिहीत असताना वीज गेली तर शेवटची पाने फाटतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर बंद कपाटात पेटी ठेवणे म्हणजे डिस्कला भट्टीत घालणे. डिस्कही अखंड लिहिण्यासाठी बनवलेली घ्यावी. टेबलावरच्या संगणकाची नव्हे.

चौथी, कुलूप. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतील इंटरनेटचा मोठा भाग काही तास ठप्प केला. राखणदारच दरोडेखोरांच्या टोळीत सामील झाला, असे म्हणायला हरकत नाही. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचणी आवश्यक झाली आहे. घेताना ते प्रमाणपत्र विचारावे आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा.

पाचवी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शिस्त. पडद्यावर चाललेले चित्र मोबाइलने टिपून ठेवणे ही नोंद नव्हे; ती नकलेची नक्कल. घटना घडली की त्याच दिवशी मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवावी, तिचा हॅश लिहून ठेवावा, यंत्राचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही लिहावे आणि शक्य असेल तर मूळ डिस्क काढून जपून ठेवावी. एरवीही महिन्यातून एकदा, समजा अमावास्येला, दहा मिनिटे काढून जुन्यातला जुना दिवस उघडून पाहावा, वेळ जुळवावी आणि एका साध्या वहीत तारीख घालून सही करावी.

ही शेवटची वही शे-दीडशे पानांची, पन्नास रुपयांची. पण यंत्र नियमितपणे, नीट चालत होते असे प्रमाणपत्र ज्या दिवशी द्यावे लागेल, त्या दिवशी सही करणाऱ्या मालकाचा हात न थरथरण्याचे कारण तीच असेल. तारेवरच्या चुंबकत्वापासून अणूंच्या थरांपर्यंत एवढा प्रवास झाला, तरी नोंदीवर विश्वास बसतो तो रोजच्या शिस्तीने, हे कागजीपुऱ्याच्या कागदावर रोजकीर्द लिहिणाऱ्या मुनीमजींना ठाऊक होते. नव्या पेटीच्या मालकालाही ते ठाऊक असायला हवे.